डोंगरउतारावरच्या जंगलातली ज्वालामुखी राखेची, चांगल्या निचऱ्याची माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माती नेमकी कोणती आणि कुठे आढळते?

डोंगरउतारावर मूळचा दगडगोटा, मुरूम किंवा हिमनदीने आणून टाकलेला गाळ असतो. त्यावर कधीकाळी ज्वालामुखीची राख पडली, तिथे जंगल टिकले आणि हजारो वर्षांत त्या राखेचीच माती झाली. काही ठिकाणी राखेचा थर वेगळा ओळखू येतो, तर काही ठिकाणी ती खालच्या मातीत मिसळून गेलेली असते. म्हणून अशा मातीला सरसकट ‘राखेची माती’ म्हणण्यापेक्षा ‘राखेचा प्रभाव असलेली माती’ म्हणणे जास्त बरोबर.

प्रशांत महासागराभोवतीचा ज्वालामुखींचा पट्टा हे तिचे माहेर: जपान, इंडोनेशिया, न्यूझीलंड, चिली, इक्वेडोर, कोलंबिया. त्याशिवाय आइसलँड, इटली, पूर्व आफ्रिका. अमेरिकेच्या वायव्य भागात, म्हणजे उत्तर आयडाहो, पश्चिम माँटाना आणि ईशान्य वॉशिंग्टनच्या डोंगरांत, या मातीचा जंगलाच्या दृष्टीने फार बारकाईने अभ्यास झाला आहे. त्यामुळे खालची बरीच उदाहरणे तिकडची आहेत.

राख म्हणजे चुलीतल्या राखेसारखी?

नाही. ज्वालामुखीची राख जळून उरलेली नसते. ती फुटून झालेली असते. वितळलेल्या खडकात विरघळलेले वायू स्फोटाच्या वेळी एकदम प्रसरण पावतात, खडकाचा फेस होतो आणि त्या फेसाच्या ठिकऱ्या उडतात. दोन मिलिमीटरपेक्षा लहान ठिकऱ्यांना राख म्हणतात. त्या इतक्या झटपट थंड होतात की स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, आणि पदार्थ काचेच्याच रूपात गोठतो. भिंगाखाली कडा धारदार दिसतात, काही कणांत बुडबुड्यांच्या पोकळ्याही दिसतात.

काच असणे हे या मातीच्या जवळजवळ प्रत्येक गुणाचे मूळ आहे. काचेची अंतर्गत रचना विस्कळीत असल्याने ती हवा-पाण्याने लवकर झिजते. क्वार्ट्‌झसारखे खनिज लाखो वर्षे जसेच्या तसे राहते. ज्वालामुखी काचेचे मात्र काही हजार वर्षांत वेगळेच पदार्थ होतात.

ज्वालामुखी दूर असला तरी त्याची राख डोंगरावर कशी?

वारा. दक्षिण ओरेगनमधला माउंट माझामा सुमारे 7,700 वर्षांपूर्वी फुटला. स्फोटानंतर पर्वताचा माथा आत कोसळला आणि त्या खळग्यात आजचे क्रेटर लेक तयार झाले. 594 मीटर खोलीचे हे सरोवर अमेरिकेतले सर्वांत खोल. त्या स्फोटाची राख ईशान्येला सहाशे-सातशे किलोमीटरवरच्या आयडाहोच्या डोंगरांवर जाऊन बसली, कॅनडात पोहोचली. ग्रीनलंडच्या बर्फातही तिचे कण सापडले आहेत.

त्या भागात इतर ज्वालामुखींचीही राख आहे, पण जंगलाच्या मातीत वजन माझामाचेच. म्हणजे तिथले सीडर आणि हेमलॉक हे वृक्ष आजही एकाच जुन्या स्फोटाच्या जिवावर उभे आहेत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

‘चांगला निचरा’ म्हणजे काय? पाणी भराभर वाहून जाते असे?

इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

माती सर्वेक्षणात निचऱ्याचे सात वर्ग मानतात. एका टोकाला अतिनिचऱ्याची माती, दुसऱ्या टोकाला सतत पाणी तुंबलेली. ‘चांगला निचरा’ हा मधला वर्ग आहे: पाणी सहज निघते, पण झपाट्याने नाही, आणि झाडांच्या वाढीच्या काळात मुळांच्या पट्ट्यात ते तुंबून राहत नाही. माती किती पाणी धरते याबद्दल हा वर्ग काहीच सांगत नाही. तो सांगतो की मुळांना हवा मिळते की नाही.

खड्ड्यात हे डोळ्यांनी दिसते. पाणी साचत असेल तर लोहाची रासायनिक अवस्था बदलते आणि मातीत राखाडी व गंजासारखे तांबूस ठिपके पडतात. चांगल्या निचऱ्याच्या मातीत साधारण मीटरभर खोलीपर्यंत असे ठिपके नसतात, रंग सलग तपकिरी किंवा पिवळसर तपकिरी राहतो.

हवाईतल्या मौना केआ या ज्वालामुखीच्या उतारावरची ‘हिलो’ माती याचे उत्तम उदाहरण. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि मातीतल्या पाण्याचे वजन कोरड्या मातीच्या वजनापेक्षाही जास्त भरू शकते. तरीही तिची नोंद ‘चांगल्या निचऱ्याची’ अशीच आहे आणि ती चूक नाही.

चिलीत याच भेदाला स्थानिक नावे आहेत. उतारावरच्या, मोकळ्या निचऱ्याच्या राखेच्या मातीला ‘त्रुमाओ’ म्हणतात. सपाट जागी, खाली पाणी अडवणारा थर असलेल्या राखेच्या मातीला ‘न्यादी’. राख दोन्हीकडे आहे, पण जागा बदलली की स्वभाव बदलतो.

निचराही चांगला आणि ओलही टिकते, हे एकाच वेळी कसे जमते?

छिद्रांच्या आकारांमुळे. कणाकणांमधल्या मोठ्या फटींतून जादा पाणी खाली उतरते आणि तिथे हवा शिरते. कणांच्या आतल्या पोकळ्या आणि झिजेतून तयार झालेले अतिसूक्ष्म पदार्थ यांच्यात पाणी अडकून राहते. सामान्य खनिज मातीत निम्म्याच्या आसपास जागा मोकळी असते. राखेच्या मातीत ती साठ-सत्तर टक्क्यांवर जाऊ शकते.

दुसरे कारण राखेच्या खाली आहे. बारीक पोताचा राखेचा थर आणि त्याखाली एकदम खडीदार दगडगोटा, अशी रचना असली की पाणी थरांच्या सीमेवर थबकते. बारीक छिद्रे पाणी धरून ठेवतात आणि मोठ्या फटी ते ओढून घेऊ शकत नाहीत. वरचा थर जवळजवळ तुडुंब झाल्यावरच पाणी खाली सुटते. म्हणजे खाली दगड आहेत म्हणून पाणी लगेच गळून जाईल, हा अंदाज इथे चुकतो.

थोडे गणित करून पाहू. समजा राखेचा थर 40 सेंटिमीटर आहे आणि त्याच्या आकारमानाच्या पाव हिश्शाइतके पाणी झाडांना मिळू शकते. म्हणजे 100 मिलिमीटर पाणी झाले. त्याखालच्या 40 सेंटिमीटरमध्ये साठ टक्के दगड आणि उरलेल्या मातीत दहा टक्के उपलब्ध पाणी धरले, तर हिशेब जेमतेम 16 मिलिमीटरचा. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण फरकाचा अंदाज येतो. जिथे पावसाचा मोठा वाटा हिवाळ्यात बर्फ म्हणून पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, तिथे झाडांचा ऑगस्ट या वरच्या थरावरच निघतो.

हातात घेऊन ही माती ओळखता येते का?

बऱ्यापैकी. पहिली खूण वजन. ढेकूळ उचलले की हात जरा जास्तच वर जातो, अपेक्षेपेक्षा ते हलके निघते. नेहमीच्या मातीची स्थूल घनता, म्हणजे छिद्रांसकट एक घन सेंटिमीटर मातीचे कोरडे वजन, 1.2 ते 1.5 ग्रॅमच्या आसपास असते. इथे ती बहुधा 0.9 किंवा त्याहून कमी.

दुसरी खूण स्पर्श. थोडी ओली करून अंगठा आणि तर्जनीत चोळा. पिठासारखी मऊ लागते, काहीशी तेलकट, पण चिकणमातीसारखी बोटाला चिकटत नाही आणि तिची लांब फीतही निघत नाही. जास्त झिजलेली राख असेल तर आणखी एक गंमत दिसते: ओले ढेकूळ घट्ट वाटते, जोराने दाबले की एकदम गिलाव्यासारखे सरकते, पाणी सुटते, आणि दाब काढला की पुन्हा बसते. कोरड्या हवामानातल्या, काच अजून शाबूत असलेल्या राखेत हे दिसेलच असे नाही.

तिसरी खूण रासायनिक. सोडियम फ्लोराइडच्या द्रावणात माती ढवळून दोन मिनिटांनी सामू (pH) मोजतात. तो 9.4 च्या वर गेला तर राख झिजून सुटे झालेले क्रियाशील ॲल्युमिनियम भरपूर आहे असे समजतात. फ्लोराइड त्या ॲल्युमिनियमला जाऊन चिकटतो आणि त्याच्याजवळचे हायड्रॉक्सिल सुटे होतात, म्हणून सामू चढतो. चुनखडीयुक्त मातीत ही चाचणी फसवते. आणि हे द्रावण विषारी आहे, हौस म्हणून घरी करायचा हा प्रयोग नव्हे.

खड्डा खणला तर काय काय दिसते?

सर्वांत वर सुया, पाने, काटक्या, त्याखाली अर्धवट कुजलेला पाचोळा. मग एक पातळ, गडद खनिज थर, कधी तो जवळजवळ नसतोच. त्याखाली मुख्य राखेचा पट्टा: पिवळसर किंवा तांबूस तपकिरी, भुसभुशीत, मुळांनी गच्च भरलेला, दगड अगदी तुरळक. फावडे यात लोण्यासारखे जाते. मग एके ठिकाणी फावडे खणकन वाजते. तिथून खाली गोट्यांचे प्रमाण एकदम वाढते, रंग बदलतो, मुळे विरळ होतात.

खणकन आवाज झालेली खोली टेपने मोजून ठेवा. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्या एका आकड्यावर ठरतात.

सीमा नेहमी इतकी स्वच्छ नसते. वादळात झाड मुळासकट उन्मळून पडले की खालचे दगड वर येतात आणि राख खड्ड्यात जाते. बिळे करणारे प्राणी आणि गोठण-वितळणही थर मिसळत राहतात.

एकाच डोंगरावर थराची जाडी इतकी वेगवेगळी का?

राख पडताना बरीचशी सारखी पडते, टिकते मात्र जागेनुसार. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेले उतार थंड आणि ओलसर असतात, तिथे झाडोरा दाट राहतो आणि वणवे कमी लागतात. म्हणून तिथे थर जाड सापडतो. दक्षिणेकडचे उतार तापतात, अधूनमधून जळतात, उघडे पडतात आणि राख धुपून जाते. धुपलेली राख पायथ्याशी आणि खोलगट जागी साचते. कड्यांवर, धारेवर काहीच उरत नाही.

जंगलामुळे राख टिकली आणि राखेमुळे जंगल टिकले. आधी कोण, हा वाद घालण्यात अर्थ नाही.

या मातीला ‘अँडिसॉल’ केव्हा म्हणायचे?

अमेरिकी वर्गीकरणात मातीचे बारा मुख्य गण आहेत, अँडिसॉल हा त्यांतला एक. त्याचे निकष रासायनिक आहेत. एक मार्ग जास्त झिजलेल्या राखेसाठी: स्थूल घनता 0.90 किंवा कमी, ऑक्झलेटच्या द्रावणात विरघळणारे ॲल्युमिनियम अधिक निम्मे लोह मिळून किमान 2 टक्के, आणि स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवण्याची क्षमता किमान 85 टक्के. दुसरा मार्ग कोवळ्या, काच अजून शिल्लक असलेल्या राखेसाठी, तिथे काचेच्या प्रमाणाला महत्त्व आहे. ढोबळमानाने, वरच्या 60 सेंटिमीटरपैकी किमान 36 सेंटिमीटरमध्ये हे गुण हवेत. थर त्याहून पातळ असेल तर माती दुसऱ्या गणात जाते, आणि राखेचा उल्लेख फक्त उपनावात येतो.

झाडाला अर्थातच या सीमारेषेशी काही देणेघेणे नाही. 34 सेंटिमीटर राख आणि 38 सेंटिमीटर राख यांत नाव बदलते, व्यवहारात फारसे काही बदलत नाही. नकाशावरचे नाव वाचून थांबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

बेसाल्टपासून बनलेली काळी मातीही ज्वालामुखीचीच. मग फरक काय?

बेसाल्ट हा शांतपणे वाहून थिजलेला लाव्हा, म्हणजे स्फटिकांचा घट्ट खडक. तो सपाट, कोरड्या-ओल्या ऋतूंच्या प्रदेशात झिजला की फुगणारी-आकसणारी चिकणमाती तयार होते. ती ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते आणि निचऱ्याला कठीण असते. राखेच्या मातीत चिकणमातीचे नेहमीचे पापुद्रे नसतात. त्यांच्याऐवजी ॲलोफेनचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे, इमोगोलाइटच्या नळ्या आणि फेरिहायड्राइट नावाचे लोहाचे संयुग असते. म्हणून ती फारशी भेगाळत नाही. दोन्ही ज्वालामुखीच्या, पण वागणूक जवळजवळ उलटी.

मग ही माती सुपीक म्हणायची का?

जंगलासाठी हो, पण कारण अन्नद्रव्यांपेक्षा पाणी आणि मोकळी जागा हे आहे. ‘ज्वालामुखीची माती म्हणजे सोने’ हे वाक्य जरा जपून वापरावे.

स्फुरद हे तिचे जुने दुखणे. ॲलोफेनच्या पृष्ठभागावरचे ॲल्युमिनियम स्फुरदाला असे पकडते की घातलेल्या खताचा मोठा भाग मुळांना मिळतच नाही. जंगलातली झाडे मुळांवरच्या बुरशीच्या मदतीने आपले भागवतात, शेतीत मात्र हा खर्चाचा मुद्दा ठरतो. अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलांत नत्राची कमतरता जास्त जाणवते. सामू बहुधा 5.5 ते 6.5, म्हणजे सौम्य आम्ल. अन्नद्रव्ये धरण्याची क्षमताही सामूबरोबर कमी-जास्त होते. माती आम्ल होत गेली की ती क्षमता घटते.

सूक्ष्म अन्नद्रव्यांचे एक नामांकित उदाहरण न्यूझीलंडचे आहे. उत्तर बेटाच्या मध्यभागी प्युमिसच्या, म्हणजे फेसाळ, हलक्या ज्वालामुखी दगडाच्या मातीवर गुरे-मेंढ्या चारा असूनही खंगून मरत. 1930 च्या दशकात कारण कळले: मातीत कोबाल्ट नव्हते. त्याच मुलुखात पाइनची लागवड मात्र जोमाने वाढली. कैंगारोआचे प्रचंड लागवडीचे जंगल त्याच मातीवर उभे आहे. तीच माती गुरांना मारक आणि पाइनला मानवणारी.

सेंद्रिय कर्ब इथे जास्त का साठतो?

ॲल्युमिनियम आणि लोह सेंद्रिय पदार्थांना बांधून ठेवतात, सूक्ष्म छिद्रांत जिवाणूंना शिरता येत नाही, आणि डोंगरावरचा गारवा कुजण्याचा वेग कमी करतो. अँडिसॉल जगातल्या बर्फमुक्त जमिनीच्या जेमतेम एक टक्का, पण मातीतल्या कर्बात त्यांचा वाटा सुमारे पाच टक्के मानला जातो.

या मातीवर कोणती झाडे येतात? झाडे तोडली तर जंगल आपोआप परत येते का?

उत्तर आयडाहोत जाड थरावर वेस्टर्न रेड सीडर, वेस्टर्न हेमलॉक, ग्रँड फर. उंचावर, थंडीत सबअल्पाइन फर. थर पातळ आणि उतार कोरडा असला की डग्लस फर आणि पाँडेरोसा पाइन. झाडोरा पाहून थराचा अंदाज बांधता येतो, आणि तो बरेचदा बरोबर येतो.

परत येण्याबद्दल: बहुतेक ठिकाणी हो, पण मध्य-उत्तर आयडाहोत ‘ग्रँड फर मोझेक’ नावाचा पट्टा आहे, तिथले चित्र सावध करणारे आहे. झाडे तोडलेल्या मोकळ्या जागा ब्रॅकन नेच्याने आणि पॉकेट गोफर या बिळे करणाऱ्या प्राण्याने बळकावल्या, आणि अनेक दशके तिथे जंगल परतले नाही. नेच्याच्या दाट मुळांमुळे वरची माती काळी आणि जास्त आम्ल होते. ॲलोफेनच्या जागी ॲल्युमिनियम सेंद्रिय पदार्थांशी जोडलेल्या रूपात वाढते, आणि ते रोपांना बाधू शकते. वरचा झाडोरा बदलला तर काही दशकांत मातीचे रसायनही बदलते.

यंत्रे चालवली तर माती दबते का?

दबते, आणि मुख्य धोका हाच. हलकी, पोकळ माती. त्यात दगडांचा सांगाडा नाही. ओलीवर ओंडके ओढणारे यंत्र काही वेळा फिरले की मोठी छिद्रे मिटतात. पाणी धरणारी बारीक छिद्रे उरतात, पण हवा आणि निचरा जातो. म्हणजे ‘चांगल्या निचऱ्याची’ माती चाकोरीपुरती तरी त्या वर्गातून बाहेर पडते. फुगणारी चिकणमाती नसल्याने ती स्वतःहून सैलही होत नाही, आणि दबलेपण अनेक दशके टिकलेले आढळते.

उपाय ठाऊक आहेत: ठरलेल्या वाटांवरूनच यंत्र न्यायचे, वाटेवर फांद्यांचा जाड थर अंथरायचा, जमीन गोठलेली असताना किंवा जाड बर्फावरून काम करायचे, तीव्र उतारावर तारेने ओंडके उचलायचे. उन्हाळ्यातही वरून कोरडी दिसली म्हणून फसू नका, हातभर खाली ओल असू शकते. आणि बुलडोझरने जागा ‘साफ’ करताना वरचा थर कडेला ढकलणे ही या मातीची सर्वांत वाईट हानी. तो थर पुन्हा तयार करायला दुसरा माझामा लागेल.

वणव्यानंतर काय होते?

पाचोळ्याचे पांघरूण शाबूत राहिले तर फारसे काही नाही. ते पूर्ण जळाले तर हलके कण पावसाच्या थेंबांनी उडतात आणि वाहत्या पाण्याबरोबर सहज जातात. वरची माती पाणी झटकूनही टाकू लागते, थेंब मोत्यासारखे वर बसून राहतात. म्हणून जळालेल्या उतारावर पेंढा किंवा लाकडाचे तुकडे पसरण्याचे काम पहिल्या मोठ्या पावसाआधी झाले तरच उपयोगाचे.

निचरा चांगला, म्हणजे दरड कोसळण्याची भीती नाही?

असे मुळीच समजू नका. 5 आणि 6 मे 1998 ला इटलीतल्या सार्नो परिसरात चुनखडकाच्या तीव्र उतारांवरची व्हेसुव्हियसच्या राखेची माती पावसाने भिजून चिखलाच्या लोंढ्यांच्या रूपात खाली आली. सुमारे 160 माणसे दगावली. 6 सप्टेंबर 2018 ला जपानमध्ये होक्काइदोच्या भूकंपात आत्सुमा भागातले वनाच्छादित, राख-प्युमिसने झाकलेले उतार हजारो ठिकाणी घसरले. झाडे उभीच्या उभी मातीसकट खाली आली. तिथे घसरण्याची पातळी प्युमिसच्या जुन्या, झिजून मऊ झालेल्या थरात होती, मुळांच्या पकडीच्या खाली.

या मातीत पाणी धरून ठेवण्याची जी ताकद आहे, तीच उतारावर तिचे ओझे वाढवते. खाली पाणी अडवणारा थर किंवा गुळगुळीत खडक असेल, डोंगरात रस्ता कापून पायथा सैल केलेला असेल, तर सर्वेक्षणातला ‘चांगला निचरा’ हा शेरा सुरक्षिततेचा दाखला म्हणून वापरता येत नाही.

ताजी राख पडली तर लगेच अशी माती मिळते का?

नाही. 18 मे 1980 ला माउंट सेंट हेलेन्स फुटल्यावर उतारांवर पडलेल्या बारीक राखेची पावसाने पपडी धरली. पाणी मुरेना, वरून वाहू लागले आणि सुरुवातीला धूप जोरात झाली. पपडी फुटायला, बिळे आणि मुळे शिरायला, पाचोळा मिसळायला वेळ जावा लागतो. निचरा राखेबरोबर आकाशातून पडत नाही.

प्रयोगशाळेत नमुना पाठवताना काय काळजी घ्यावी?

वाळवू नका. नेहमीच्या मातीचा नमुना सावलीत वाळवून, चाळून पाठवायची पद्धत आहे. जास्त झिजलेल्या राखेच्या मातीत ती चुकीची ठरते, कारण एकदा वाळलेले ॲलोफेन पुन्हा भिजवले तरी पूर्वीइतके पाणी धरत नाही, आणि कण एकमेकांना चिकटून माती आहे त्यापेक्षा भरड भासते. घट्ट बंद पिशवीत, ओल्या स्थितीतच द्या आणि पिशवीवर तसे लिहा. स्थूल घनतेसाठी ठरावीक आकारमानाच्या नळीने न दाबता काढलेला वेगळा नमुना लागतो, फावड्याने उकरलेला चालत नाही. राखेचा थर आणि खालचा दगडी थर यांची माती एकाच पिशवीत मिसळली, तर आलेला अहवाल दोन्हींपैकी कुणाचाच नसतो.